दुहेरी बंदूक आणि शेताची राखण

एकाच दस्त्यावर एक नळी छऱ्यांची व दुसरी गोळीची, अशी जोड बंदूक बाळगावी की न बाळगावी, हा प्रश्न वरवर पाहता चार हौशी शिकाऱ्यांच्या बैठकीतला दिसतो. पुण्याच्या व्यापाऱ्याने वह्या, तराजू व आडतीचे भाव यांतून सवड काढून त्याचा विचार कशासाठी करावा, असे कोणी विचारल्यास त्यात नवल नाही. परंतु २०१९ साली हत्यारांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन एका इसमाने दोहोंपेक्षा अधिक बंदुका बाळगू नयेत असे ठरल्यापासून, ज्यांच्या घरी वाडवडिलांच्या तीन-तीन बंदुका होत्या त्यांस हा प्रश्न खरोखरच पडला आहे. दोन बंदुकांचे काम एकीने होत असेल तर कायदाही मोडत नाही व हौसही राहते, असा हा हिशेब आहे. हिशेब म्हणून तो चुकीचा नाही. पण या हिशेबात ज्याला कोणी धरलेच नाही असा एक इसम आहे. तो म्हणजे मुळशी, भोर, मावळ या बाजूस पीक तयार झाले की रात्रभर माळ्यावर बसून पत्र्याचा डबा वाजविणारा शेतकरी. त्याला वगळून बंदुकीच्या परवान्याची चर्चा पुरी होऊ शकत नाही, असे आमचे मत असल्यामुळे आज हा विषय आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रथम या हत्याराविषयी दोन शब्द. साध्या छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून सुटलेले छरे पसरतात व थोड्याच अंतरावर त्यांचा जोर संपतो. रायफलीच्या नळीत आटे पाडलेले असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते, दूरवर नेम साधते, आणि नेम चुकला तर तितक्याच दूरवर जाऊन जीवही घेते. रानात शिरलेल्या माणसासमोर तित्तिर उठेल की डुक्कर निघेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून दोन्ही जातींच्या नळ्या एकत्र जोडण्याची युक्ती निघाली. जर्मनीत व ऑस्ट्रियात तीन नळ्यांची बंदूक प्रसिद्ध आहे. तिला ‘ड्रिलिंग’ म्हणतात व तिच्यात बहुधा वर दोन नळ्या छऱ्यांच्या आणि खाली एक रायफलीची असते. दक्षिण आफ्रिकेत एक नळी छऱ्यांची व एक गोळीची अशी शेजारी-शेजारी जोडलेली बंदूक चालत असे. हिंदुस्थानात गाजली ती ‘पॅराडॉक्स’. वायव्य सरहद्दीवरील १८६३ च्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेल्या फॉसबेरी नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८८५ साली तिचे पेटंट घेतले, व लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कारखान्याने ती बाजारात आणली. तिच्या नळ्या गुळगुळीत असून केवळ तोंडाजवळच्या भागात आटे असत. त्यामुळे एकाच नळीतून छरे किंवा गोळी यांपैकी हवे ते मारता येई. साहेबलोकांच्या व संस्थानिकांच्या शिकारखान्यांत या बंदुकीस मान होता. आज परदेशी बंदुकांची आयात सामान्य परवानेदारास जवळजवळ बंद आहे. यामुळे अशा ज्या बंदुका आपल्याकडे आहेत त्या बहुतेक जुन्या, वारशाने आलेल्या किंवा एका परवानेदाराकडून दुसऱ्याकडे विकत गेलेल्या आहेत.

आता कायद्याकडे वळू. १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या अमदानीत दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतील वर्तमानपत्रांच्या तोंडास कुलूप घातले, दुसऱ्याने देशी माणसाच्या हातातील हत्यार परवान्याखाली आणले. पहिला कायदा पुढे लॉर्ड रिपन यांनी काढून टाकला. दुसरा मात्र राहिला. या दुसऱ्या कायद्यातील खरे शल्य परवाना हे नव्हते. गोऱ्या माणसास परवान्याची माफी व काळ्या माणसावर सक्ती, हे ते शल्य होते. म्हणूनच १८८७ साली मद्रासच्या राष्ट्रीय सभेत या कायद्याविरुद्ध ठराव झाला. पुढे १९२० च्या सुमारास वर्णभेदाची ती माफी नियमांतून गेली, आणि १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या त्यांत स्वसंरक्षणाकरिता लोकांच्या नियंत्रणाखाली हत्यारांचे परवाने मिळावेत ही एक होती. ‘लोकांच्या नियंत्रणाखाली’ हे शब्द ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. वाटेल त्याने वाटेल ते हत्यार मिरवावे, अशी आपल्या पुढाऱ्यांची मागणी कधीच नव्हती. ज्याला गरज आहे त्याला ते मिळावे, आणि ती गरज परक्या अंमलदाराच्या मर्जीने न ठरता आपल्या लोकांच्या विचाराने ठरावी, एवढाच त्या मागणीचा अर्थ होता.

स्वराज्य मिळाल्यावर १९५९ साली नवा हत्यारांचा कायदा झाला व १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. त्याचे १३ वे कलम प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असावयास पाहिजे. त्यात असे म्हटले आहे की, संरक्षणाकरिता किंवा खेळाकरिता कमीत कमी वीस इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक, अथवा खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणाकरिता ठासणीची बंदूक नागरिकाने मागितली तर परवाना द्यावयाचा आहे. आणि ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीस पुरी पडत नाही अशी परवाना देणाऱ्या अंमलदाराची खात्री झाली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. याखेरीजच्या बहुतेक हत्यारांसाठी मात्र अर्जदाराने सबळ कारण दाखवावे लागते. पोलिसांचा अहवाल व नाकारण्याची कारणे यांविषयीची इतर कलमे आहेतच, आणि आपल्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही, हेही खरे आहे. तथापि कायदा करणाऱ्यांनी शेतकऱ्याची बंदूक व हौशी माणसाची रायफल यांना एका मापाने मोजलेले नाही, हे या कलमावरून उघड दिसते.

मग दुहेरी बंदूक यांपैकी कोणत्या बाजूस बसते? आमच्या समजुतीप्रमाणे संख्येच्या दृष्टीने ती एकच बंदूक होय. परंतु तिच्या एका नळीत आटे असल्यामुळे गुळगुळीत नळीच्या बंदुकीस मिळणारी सवलत तिला मिळू शकत नाही. सबळ कारण दाखविण्याचे ओझे तिच्या मालकावर पडते. तेव्हा दोन बंदुकांच्या मर्यादेतून वाट काढण्यासाठी जे गृहस्थ या हत्याराकडे पाहतात त्यांनी एक विचार करावा. मोजणीत त्यांची एक बंदूक वाचेल, पण ‘हे हत्यार तुम्हांस कशास पाहिजे?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांस द्यावेच लागेल.

शिकारीसाठी, असे उत्तर आता देता येत नाही. १९७२ साली वन्यप्राणी संरक्षणाचा कायदा झाला तेव्हा परवान्याने करावयाच्या शिकारीस काही जागा उरली होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही काढून घेतली. आज केवळ आनंदासाठी ससा मारणे हाही गुन्हा आहे. या निर्बंधाबद्दल आम्हांस मुळीच वाईट वाटत नाही. वाघांच्या कातड्यांवर पाय ठेवून छायाचित्रे काढून घेणाऱ्या पिढ्यांनी रानाची जी दशा केली ती पाहता हा निर्बंध यावयासच हवा होता. परंतु याचा परिणाम असा की, दुहेरी बंदुकीचा जो मूळ उपयोग, म्हणजे एका फेरफटक्यात पाखरू व जनावर दोन्ही टिपणे, तो या देशात कायद्याने संपलेला आहे. आता ती एक तर कपाटातली वारशाची वस्तू आहे, नाही तर एखाद्या लोकोपयोगी कामासाठी वापरावयाचे साधन आहे. पहिल्या प्रकाराविषयी आमचे काही म्हणणे नाही. दुसऱ्याविषयी मात्र पुष्कळ आहे.

कारण शिकार संपली तरी रानडुक्कर संपलेले नाही. भात, भुईमूग, मका, ऊस यांच्या शेतात एका रात्री कळप शिरला की चार महिन्यांच्या मेहनतीची माती होते. आणि डुक्कर जितके खाते त्याहून अधिक उकरून व तुडवून टाकते. कायदा याबाबतीत आंधळा नाही. वन्यप्राणी कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी जीवितास किंवा मालमत्तेस धोकादायक झाला तर त्याच्या शिकारीची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अंमलदार देऊ शकतो, व मालमत्तेत उभ्या पिकांचा समावेश आहे असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. रानडुक्कर याच अनुसूचीत येते. म्हणजे एका कायद्याने शेतकऱ्यास बंदूक देऊ केली आहे, दुसऱ्याने ती चालविण्याची परवानगी देऊ केली आहे. मग अडले कोठे?

अडले ते या दोन कायद्यांमधल्या वाटेवर. बंदुकीचा परवाना शहरात पोलीस आयुक्तांकडे, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. जनावर मारण्याची परवानगी वनखात्याकडे. नुकसानीचा पंचनामा आणखी तिसऱ्या हातांकडे. डुक्कर मात्र या तिन्ही कचेऱ्यांचे टपाल पोहोचेपर्यंत बांधावर थांबत नाही. त्यात निवडणूक आली म्हणजे परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करून घेण्याची वहिवाट आहे. महाराष्ट्राच्या विधानसभेचे मतदान २०१९ साली २१ ऑक्टोबरास व २०२४ साली २० नोव्हेंबरास झाले. भात पिकून कापणीस येतो ते हेच दिवस. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे छाननी समितीने एकेका परवान्याचा स्वतंत्र विचार करावयाचा असतो. सरसकट सर्व बंदुका जमा करणे हा त्या सूचनांचा हेतू नव्हे. परंतु विचार करण्यापेक्षा जमा करणे अंमलदारांस सोपे जाते, आणि राखणदाराची बंदूक ठाण्यात व डुकरे शेतात असा देखावा दिसतो. यालाच चोर सोडून संन्याशास सुळी देणे म्हणतात.

वैध मार्ग असा अरुंद झाला की माणूस अवैध मार्ग शोधतो. शेताभोवती चोरून विजेची जिवंत तार सोडणे, पिठाच्या गोळ्यात स्फोटक दडवून ठेवणे, फासे लावणे, हे ते मार्ग होत. विदर्भात अशा तारांना चिकटून वाघ मेले आहेत आणि रात्री पाणी धरावयास निघालेली माणसेही मेली आहेत. बंदूक हे भयंकर हत्यार खरे; पण तिच्यामागे एक डोळा असतो, चापावर एक बोट असते, परवान्यावर एक नाव असते. तारेला डोळा नाही व नावही नाही. ती डुक्कर, वाघीण, गाय आणि शेजारचा मुलगा यांत फरक करीत नाही. ज्या प्राणिमित्रांस शेतकऱ्याच्या हातात बंदूक नको वाटते त्यांनी, ती न दिल्यामुळे त्याच्या शेतात काय आले आहे, याचाही विचार करावा अशी आमची त्यांस विनंती आहे.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की, बंदुका वाढल्या तर भाऊबंदकीच्या भांडणांत त्या सुटतील व राखणीच्या नावाखाली चोरटी शिकार होईल. आक्षेप खोटा नाही. म्हणूनच घरोघरी बंदूक द्या असे आम्ही म्हणत नाही, आणि रायफल किंवा दुहेरी बंदूक तर शेतकऱ्यास मुळीच नको. पन्नास पावलांच्या आतल्या डुकरास १२ बोअरच्या साध्या नळीची एक गोळी पुरते. आणि वाड्या-वस्त्या जवळजवळ असलेल्या आपल्या मुलखात मैलभर जाणारी गोळी धोक्याचीच होय. कायद्याने गुळगुळीत नळीस सवलत दिली त्यातील शहाणपण हेच. दुसरा आक्षेप असा की, आज डुक्कर मारावयास दिले तर उद्या बिबट्या मारावयास मागतील. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो माणसाच्या जिवावर उठला आहे व पकडता किंवा बेशुद्ध करता येत नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री झाल्याखेरीज त्यास मारता येत नाही. आपल्याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पिंपरखेडच्या परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसे गेली, संतापलेल्या लोकांनी रस्ते अडविले, आणि अखेर वनखात्याच्या वतीने आलेल्या नेमबाजांनी बिबट्यास ठार केले. यवतमाळ जिल्ह्यात २०१८ च्या नोव्हेंबरात ‘अवनी’ वाघीण मारली गेली तेव्हा तिचा वाद न्यायालयांपर्यंत गेला. असली कामे शिकलेल्या माणसांची व सरकारच्या जबाबदारीचीच आहेत. परंतु पिंपरखेडच्या लोकांनी रस्ता अडविण्याआधी किती दिवस वाट पाहिली, हेही सरकारने विसरू नये. वेळेवर न दिलेला न्याय जमावाच्या हाती जातो, हा नियम रानालाही लागू आहे.

इतर ठिकाणी काय केले आहे ते पाहू. दुहेरी बंदुकीचे माहेर जे जर्मनी, तेथे बंदूक हाती घेण्यापूर्वी शिकाऱ्यास कठीण परीक्षा द्यावी लागते. आणि एखाद्या टापूतील शिकारीचा पट्टा जो घेतो तो बहुधा त्या टापूत डुकरांनी केलेल्या पिकाच्या नुकसानीची भरपाईही आपल्या शिरावर घेतो. म्हणजे तेथे हौशीबरोबर देणे येते. आपल्या देशात केरळ सरकारने २०२२ साली ग्रामपंचायतींच्या अध्यक्षांस व नगरांच्या प्रमुखांस पिके उद्ध्वस्त करणारी रानडुकरे मारण्याचा हुकूम देण्याचे अधिकार दिले व त्या कामी परवानेदार बंदूकवाल्यांची नावे नोंदविली. हुकूम गावातून निघतो, बंदूक चालविणारा नोंदलेला असतो, व मेलेल्या जनावराचा हिशेब राहतो. केरळात सर्व काही सुरळीत झाले असे आम्ही म्हणत नाही. पण निर्णय शेताच्या जवळ आणण्याचे धाडस त्या सरकारने दाखविले हे कबूल केले पाहिजे.

महाराष्ट्रातही पिके नासविणाऱ्या रानडुकरांबाबत वनाधिकाऱ्यांस अधिकार दिलेले आहेत. त्यांस पुढील जोड मिळावी अशी आमची सूचना आहे. एक, शेतकऱ्याचा अर्ज एकाच ठिकाणी घ्यावा व पीक उभे आहे तोवरच त्याचा निकाल लागावा. पीक गेल्यावर आलेली परवानगी ही थट्टा होय. दोन, प्रत्येक तालुक्यात शिकलेल्या परवानेदारांची यादी करावी, व बोलावणे आले असता वनरक्षकासमक्ष काम करावयाचे, असे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. २०१६ च्या नियमांनी हत्यार वापरण्याच्या शिक्षणाची अट घातलीच आहे. ती कागदावर न ठेवता खरी करावी. तीन, निवडणुकीच्या दिवसांत पीकसंरक्षणाच्या बंदुकांचा विचार अगोदर व एकेकीने व्हावा. चार, जिवंत तारेचा गुन्हा कठोरपणे चालवावा. पण त्याबरोबर झटका देणारे परंतु जीव न घेणारे सौर कुंपण लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात आणावे. पाच, नुकसानभरपाई हंगाम संपण्याआधी हातात पडावी. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी नीट झाल्या तर बंदूक उचलण्याचे प्रसंग आपोआप कमी होतील, आणि तेच आम्हांस हवे आहे.

शेवटी पुण्यातील बंदूक बाळगणाऱ्या गृहस्थांस दोन शब्द. आपल्या शहराचे बंदुकीशी नाते जुने आहे. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून येथे उभा आहे. येथील अनेक घरांत परवान्याची हत्यारे आहेत. कोणाकडे पेढीच्या राखणीसाठी, कोणाकडे वडिलांची आठवण म्हणून. ज्यांच्याकडे चांगले हत्यार आहे, ते चालविण्याचे ज्ञान आहे व ‘सबळ कारण’ कोणते दाखवावे हा प्रश्न आहे, त्यांनी आपले नाव अशा यादीत घालावे. घाट उतरून जाणारा तांदूळ व गंजात येणारा भुईमूग ज्या शेतांतून येतो त्या शेतांची एक रात्र राखण करणे, हे दुहेरी बंदुकीचे सर्वांत सबळ कारण होय. आमच्या वाडवडिलांनी परक्या सरकारशी भांडून म्हटले की, या देशातील माणूस हत्यार हाती धरण्यास लायक आहे. ती लायकी भिंतीवर टांगलेल्या नळ्यांच्या संख्येवरून ठरत नसते. रात्री डबा वाजविणाऱ्या माणसास आपण किती निश्चिंत झोप देऊ शकलो, यावरून ती ठरेल.